सरकारी लिलावात आपला माणूस कुठे?

कचेरीतली मोडकी टेबले, गोदामात गंजत पडलेली यंत्रे, रेल्वेचे काढलेले रूळ, सारे काही एक दिवस लिलावात निघते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोटीस येते की, 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर माल विकणे आहे. बोली लागते, माल सुटतो, ट्रक भरतात. ट्रकमध्ये माल चढवणारे हात आपल्या वस्तीतले असतात. बोली लावणारा मात्र क्वचितच आपला असतो. असे का, याचा विचार चळवळीने केला पाहिजे.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार २ लाख रुपयांहून अधिक किमतीचा निरुपयोगी माल जाहीर निविदेने किंवा लिलावानेच विकावा लागतो. नियम योग्यच आहे. साहेबाने मेव्हण्याला माल देऊ नये, यासाठी तो हवाच. पण जाहीर लिलावात हातोडा पडताच बोलीच्या किमान २५ टक्के रक्कम जागेवर भरावी लागते, असेही हेच नियम सांगतात. म्हणजे यंत्रांचा लॉट ८ लाखांना सुटला तर २ लाख तिथल्या तिथे मोजायचे. उरलेले ६ लाख भरल्याशिवाय माल हाती येत नाही. ज्याच्या बापाने पेढी ठेवली, त्याला हे सोपे आहे. ज्याचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबला, त्याने हे २ लाख कुठून आणायचे?

आता दुसरी बाजू पाहा. सरकार स्वतः माल विकत घेते, तेव्हा २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण लागू होते. त्यात सूक्ष्म व लघुउद्योगांना बयाणा रक्कम माफ आहे आणि केंद्राच्या वार्षिक खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवला आहे. अंमलबजावणी किती होते, हा वेगळा वाद. पण तत्त्व तरी मान्य झाले. हे तत्त्व फक्त खरेदीला लागू आहे, विक्रीला नाही. घेताना सामाजिक न्याय आठवतो, विकताना फक्त रोकड दिसते. हा कुठला न्याय?

आता बहुतेक लिलाव संगणकावर होतात. संगणक जात विचारत नाही, हे खरे. पण तो बँकेतली शिल्लक विचारतो आणि ती शिल्लक जातीनेच ठरवलेली आहे! त्यातच एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रांकडेच द्यावी लागतात. प्रदूषणाच्या दृष्टीने हे ठीक असेल, पण जुनी सरकारी जीप घेऊन धंदा उभारण्याची लहान माणसाची वाटही त्यामुळे बंद झाली.

आम्ही माल स्वस्तात मागत नाही. सार्वजनिक मालमत्ता जनतेची आहे, तिची पुरेपूर किंमत आलीच पाहिजे. आमची मागणी बयाण्यापुरती आहे. बयाणा माफ केला तर बोली लावून माणूस पळून जाईल, असे अधिकारी म्हणतील. मग महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने हमी द्यावी. महामंडळे कशासाठी काढली? फक्त शेळ्या-म्हशींच्या कर्जासाठी?

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुसंख्य दलित भगिनी होत्या. पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि तिने महापालिकेशी करार केला. एकटीला जे जमले नसते, ते संघटनेने करून दाखवले.

मग शिकलेल्या तरुणांना का जमू नये? दहा जणांनी मिळून सहकारी संस्था काढावी. पॅन, जीएसटी आणि बँक खाते तयार ठेवावे. नोटीस आली की आधी मालाजवळ जाऊन तो डोळ्यांनी पाहावा, वजनाचा अंदाज घ्यावा, बाजारभाव विचारावा, कर आणि वाहतूक जमेस धरून बोलीची मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडू नये. 'जसे आहे' म्हणून घेतलेल्या मालाची तक्रार नंतर कोणी ऐकत नाही.

आजवर आपण भंगार उचलले. आता त्याची बोली लावायला शिकले पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र बाजारातही लागू आहे.

जयभीम!