अंधारात बघणाऱ्या डोळ्याची शिदोरी

मुलांनो, आमच्या सहावीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा बसतो. हुशार आहे, पण यंदा हिवाळ्यात तो रोज दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायला लागला. एक दिवस मी त्याला उभं केलं. म्हटलं, "काय रे, रात्री टीव्ही पाहत बसतोस का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "नाही जी मॅडम. बाबासंगं जागलीला जातो."

जागल म्हणजे काय, हे आपल्या विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. शहरातल्या दोस्तांसाठी सांगते. पीक हाताशी आलं की रानडुकरांचा कळप रात्रीतून वावरात शिरतो आणि सकाळपर्यंत हरभऱ्याचं मैदान करून टाकतो. म्हणून शेतकरी मचाणावर बसून रात्रभर राखण करतो. तीच जागल. कोराडीच्या वीज केंद्राचे दिवे रात्रभर लखलखत असतात, पण दोन कोसांवरच्या या वावरात मात्र मिट्ट काळोख!

त्या मुलाच्या मामांनी त्याच्या बाबांना एक जुनी वस्तू दिली होती. एका डोळ्याला लावायची, अंधारात बघायची दुर्बीण. तिच्यातून दूरवरची डुकरं काळोखातही दिसत. पण तिला दोन पेन्सिल सेल लागत आणि ते पहाटेपर्यंत टिकत नसत. रोज नवे सेल कोण घेणार? एका रात्री तीनच्या सुमाराला दुर्बीण विझली आणि तेवढ्यात डुकरांनी अर्धा एकर हरभरा साफ केला.

हे सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, बाबा म्हन्ते, आता तारेत करंटच सोडतो."

माझ्या पोटात धस्स झालं.

मुलांनो, वावराच्या कुंपणात घरची वीज सोडणं किती भयंकर, हे नीट समजून घ्या. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज असते. ती उघड्या तारेत सोडली, की तारेला डुक्कर कळत नाही आणि माणूसही कळत नाही. पहाटे वावरात येणारा शेजारी, चुकलेली गाय, खेळता खेळता गेलेलं पोर, कोणीही मरू शकतं. 'जय' या उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध वाघाचा बछडा मानला जाणारा 'श्रीनिवास' वाघ २०१७ च्या एप्रिल महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागात असाच शेताच्या तारेतल्या विजेनं मेला. अशी तार लावणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याआधी ती जीवघेणी चूक आहे.

पण नुसतं "असं करू नका" म्हणून त्या बाबांचा हरभरा वाचणार होता का? नाही ना! म्हणून मी म्हटलं, चला, आपण त्या दुर्बिणीला मोठी शिदोरी बांधून देऊ. शिदोरी म्हणजे बाहेरून जोडायची बॅटरी.

आधी डोळा कसा बघतो ते पाहू

घरी टीव्हीचा रिमोट असेल तर तो घ्या. त्याच्या टोकाच्या बारक्या दिव्याकडे बघत बटण दाबा. काही दिसत नाही. आता तेच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसेल! (एखाद्या मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. मग पुढच्या कॅमेऱ्यानं बघा.) हा अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आमच्या दुर्बिणीत असाच एक अवरक्त दिवा आहे आणि मागे छोटा कॅमेरा. दिवा अंधारात उजेड पाडतो, कॅमेरा तो बघतो. डुकराला मात्र पत्ताच नाही!

जंगलात वाघ मोजायला झाडांना बांधतात त्या ट्रॅप कॅमेऱ्यांतही बहुधा असाच दिवा असतो. शिवाय समोरून उबदार अंगाचं जनावर हललं की ते ओळखणारा एक भाग असतो. तो कॅमेऱ्याला जागं करतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी फोटो काढले! या कॅमेऱ्यांचं पोटही सेलवरच चालतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना बाहेरून बॅटरी जोडायला वेगळं भोक ठेवलेलं असतं.

याहून वेगळा असतो तो थर्मल कॅमेरा. त्याला दिवाच लागत नाही. प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडत असते, ते तो टिपतो. गंमत म्हणजे हे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून त्याचं भिंग पुष्कळदा जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याचं असतं. वीज केंद्रांत आणि उपकेंद्रांत तारांचा कुठला सांधा जास्त तापला आहे, हे अशाच कॅमेऱ्यानं लांबूनच शोधतात.

आणि एक योगायोग ऐका. विल्यम हर्शेल यांनी काचेच्या लोलकातून ऊन पाडलं आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवला. पारा चढला! अवरक्त किरण सापडले ते साल १८००. आणि व्होल्टा यांनी चांदी-जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून पहिली बॅटरी जगाला सांगितली तेही साल १८००च! डोळा आणि शिदोरी, दोन्ही एकाच वर्षाची लेकरं.

माझी फजिती

आता खरं सांगते, पहिल्या दिवशी मी घाई केली. शाळेच्या विज्ञानपेटीत चार सेलचा एक तयार डबा होता. म्हटलं, दोनापेक्षा चार बरे! नशीब माझं, की आधी साध्या दोन सेलच्या जुन्या टॉर्चवर करून पाहिलं. बटण दाबलं, बल्ब एकदा लख्ख चमकला आणि कायमचा गेला. सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण टॉर्चऐवजी ती दुर्बीण असती तर? त्या मुलाच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं.

चूक काय झाली? गावातली पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. टाकी जितकी रुंद, तितकं पाणी जास्त वेळ पुरणार. सेलचे व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. सेलची साठवण म्हणजे टाकीची रुंदी. सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टची बेरीज होते. दीड अधिक दीड, तीन व्होल्ट. मी चार जोडले, सहा व्होल्ट झाले. टाकी दुप्पट उंच केली आणि नळ फुटला! आपल्याला उंची तेवढीच ठेवून टाकी रुंद करायची होती. म्हणजे दोनच सेल, पण जाडे.

आता हिशोब करा. मीटर लावून पाहिलं तेव्हा दुर्बीण सुमारे ४०० मिलिअँपिअर वीज ओढत होती. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची साठवण साधारण २,५०० मिलिअँपिअर-तास धरा. भागाकार केला तर सहा तास आणि थोडे. मोठ्या जाड्या अल्कलाइन सेलची साठवण साधारण १२,००० धरली तर तीस तास! हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं, कारण वीज भराभर ओढली की सेल लवकर थकतो. थंडीत तर आणखीच. सेलच्या पोटात रासायनिक क्रिया चालते, ती गारठ्यानं मंदावते. म्हणून डबा बाहेर आणला की आणखी एक फायदा. दुर्बीण बाहेर, आणि सेल घोंगडीच्या आत उबेला!

साहित्य

दोन मोठे जाडे अल्कलाइन सेल आणि त्यांचा डबा, पेन्सिल सेलच्या मापाचे लाकडाचे दोन तुकडे, दोन पितळी स्क्रू, लाल आणि काळी बहुतारी वायर (हातभर), १ अँपिअरचा फ्यूज, मीटर, सँडपेपर, चिकटपट्टी.

कृती

१) लाकूड तासून, घासून दोन खोटे सेल बनवा. पेन्सिल सेल साडेचौदा मिलिमीटर जाड आणि साडेपन्नास मिलिमीटर लांब असतो. स्क्रूचं डोकं धरून तेवढीच लांबी यायला हवी. तासायचं काम मोठ्या माणसानं करावं. आमच्याकडे त्या मुलाच्या आजोबांनी केलं, आणि काय सुबक केलं!

२) प्रत्येक खोट्या सेलला एकाच टोकाला स्क्रू बसवा. पहिल्याच्या स्क्रूला लाल वायर, दुसऱ्याच्या स्क्रूला काळी. दुसरी टोकं नुसत्या लाकडाची राहू द्या. वायर बसायला लाकडात बाजूनं चर पाडा.

३) लाल वायर फ्यूजमधून डब्याच्या अधिक टोकाला जोडा, काळी उणे टोकाला. डब्यात दोन्ही सेल एकापुढे एक यायला हवेत.

४) दुर्बिणीला हात लावण्याआधी मीटर लावा. लाल स्क्रू आणि काळा स्क्रू यांच्यात तीन व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. आकड्यामागे उणे चिन्ह आलं तर वायरी उलट्या झाल्या. तिथेच थांबा.

५) आता साध्या टॉर्चवर करून बघा. (माझी आठवण ठेवा!) टॉर्च नीट लागला, की मगच दुर्बीण. तिच्या घरात जिथे अधिक टोक लागतं तिथे लाल स्क्रू, जिथे उणे लागतं तिथे काळा स्क्रू. ज्या दुर्बिणीत दोन सेल शेजारी-शेजारी बसतात, तिच्यासाठी ही रचना आहे.

६) वायर आत गेल्यावर झाकण लागत नाही. त्यासाठी झाकण कापू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी वर चढवा. दवाचं पाणीही आत जात नाही.

वायर अगदी बारीक किंवा फार लांब घेऊ नका हं. बारीक वायरीतच थोडे व्होल्ट खर्ची पडतात आणि डोळा मिणमिणतो.

हे मात्र करू नका

मोबाइलची पॉवर बँक सरळ जोडू नका. ती ५ व्होल्ट देते, आपल्याला ३ हवेत. शिवाय वीज अगदी कमी ओढली तर पुष्कळ पॉवर बँका आपोआप बंद पडतात. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची, तिचं तर नावच नको. जुन्या लॅपटॉपचे लिथियम सेल फोडून काढणं, त्यांना तापवून वायर चिकटवणं, हे मुलांचं काम नाही. ते सेल चुकून एकमेकांना चिकटले की पेट घेतात. आणि कुठल्याही यंत्राला बाहेरची बॅटरी लावण्याआधी त्यावर लिहिलेले व्होल्ट वाचा. लिहिलेलं नसेल तर किती सेल बसतात ते मोजा.

मग काय झालं?

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचसहा जण वावरात गेलो. बाबांनी डबा कमरेच्या पिशवीत ठेवला, वर घोंगडी पांघरली, दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिसून राह्यलं जी मॅडम. बांधावरचा ससाबी दिसून राह्यला."

मी विचारलं, "आणि तार?"

ते हसले. "तार आता मांडवाले लावतो, वालाच्या येलासाठी."

सोमवारी पहिल्या तासाला मी पाहिलं, मुलगा टक्क जागा होता! बाबांनी त्याला घरीच झोपायला सांगितलं होतं. विझणारी दुर्बीण सांभाळायला, मध्येच सेल बदलायला आता दुसरं माणूस लागत नव्हतं. जाड्या सेलची ती जोडी तीन रात्री पुरली. सेल संपल्यावर ते उकिरड्यात न टाकता शाळेत आणून द्यायचे, असंही ठरलं.

डुकरं आली का? आली ना! बाबांनी ती लांबूनच पाहिली, डबा बडवला, आरोळी ठोकली. कळप वळला आणि शेजारच्या वावरात शिरला. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका शाळेच्या फाटकाशी उभे. "मॅडम, तो लाकडाचा सेल आमालेबी बनवून द्या ना जी."

त्यांच्याकडे दुर्बीण नाही, साधा तीन सेलचा टॉर्च आहे. त्यात तिन्ही सेल एका रांगेत बसतात. सांगा बरं मुलांनो, त्यांच्या डब्यात किती जाडे सेल लागतील? आणि लाल-काळे स्क्रू कुठे येतील? चित्र काढून पाठवा. पुढच्या वेळी उत्तर बघू. आणि तुमच्या गावात कोणी कुंपणात वीज सोडत असेल, तर आधी त्या कुंपणापासून लांब राहा, मग घरच्या मोठ्यांना आणि तुमच्या सर-मॅडमना सांगा.