सब्जाच्या पानाला वास हवा असेल तर



उन्हाळ्यात सरबतात आणि फालुद्यात आपण सब्जा घालतो. पण हे बी ज्या झाडाचे, त्याची पानेही खाण्याजोगी असतात हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. झाड तुळशीच्याच कुळातले. पिझ्झ्यावर जे 'बेसिल' घालतात, ते याचेच मोठ्या पानाचे भावंड. बाजारात त्याची जुडी महाग पडते. गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात ते जवळजवळ फुकट येते. एका खोलीच्या संसारात बागेला जागा नाही म्हणून मन मारू नये.

तक्रार एकच ऐकू येते : झाड वाढले, पण पानाला वास नाही. वास असतो पानावरच्या तेलाच्या बारीक ग्रंथींत. पान चुरडले की त्या फुटतात. तेल भरपूर हवे तर तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, ऊन. दिवसाला निदान 6 तास हवे. सावलीतले झाड लांबट होते, वासही मंद राहतो.

दुसरी, खत. जास्त खताने, विशेषतः युरियाने, पाने मोठी दिसतात पण चव पाणचट होते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू एवढे पुरे. डब्याच्या तळाला भोके पाडावीत. वरची माती सुकली की मुळाशी पाणी द्यावे.

तिसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे शेंडा खुडणे. रोप 6 ते 8 इंच झाले की पानांच्या जोडीच्या वरून शेंडा खुडावा. तिथून दोन फांद्या फुटतात. तुरा दिसला की तोही लगेच काढावा. तुरा राहिला तर झाडाची सारी कमाई बियांवर खर्च होते, पानांच्या खाती काही उरत नाही. ती बारीक व कडवट होतात. खुडताना हात कचरतो, पण न खुडणे हाच तोटा. बियांसाठी एक झाड मात्र तुऱ्यासह राहू द्यावे.

किराणा दुकानातला ताजा सब्जा पेरता येतो. पावसाळा सरल्यावर किंवा फेब्रुवारीत ओल्या मातीवर बी टाकून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. साधारण आठवड्यात कोंब येतात. मग 8 इंची डब्यात एकच जोमदार रोप ठेवावे.

पाने सकाळी खुडावीत. भाजीत, आमटीत शेवटी घालावीत; फार शिजवली तर वास उडून जातो. फ्रीजमध्ये ती काळी पडतात, म्हणून देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून बाहेरच ठेवावेत. इटलीतल्या जेनोवा भागात ही पाने लसूण, चीज, ऑलिव्ह तेल आणि पाइनच्या बियांबरोबर कुटून चटणी करतात. आपण शेंगदाणे, लसूण आणि हिरवी मिरची घालून कुटावी. भाकरीशी झकास लागते.

एक सावधगिरी : कोरडा सब्जा लहान मुलांना देऊ नये. भरपूर पाण्यात पूर्ण फुगल्यावरच द्यावा, नाहीतर तो घशात अडकू शकतो.

या आठवड्यात एक रिकामा डबा शोधा. खुडण्याचे काम घरातल्या मुलांवर सोपवा. रोज पाहायला ती चुकणार नाहीत.