परक्या राखेचा शोक

भिलाईतील आम्हा मराठी मंडळींच्या एका बैठकीत नुकतीच चीनच्या प्रवासाची छायाचित्रे पाहण्याचा योग आला. बीजिंगचा उन्हाळी राजवाडा, कुनमिंग सरोवर, ७२८ मीटर लांबीची चित्रमय पडवी, काठावरची ती न हलणारी संगमरवरी नौका! शेजारचे युआनमिंगयुआन इंग्रज-फ्रेंच सैन्याने १८६० साली जाळले, हे ऐकून सभा हळहळली.

ही हळहळ खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार निराळी आहे. ती आग लावण्याची आज्ञा देणारा लॉर्ड एल्गिन १८६२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्या स्वारीत हिंदी पलटणीही होत्या. याविषयी सभेत चकार शब्द निघाला नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. त्यांचा काळ्या पाषाणाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला वाडा १८६४ साली जळाला. त्याचीही कोणास आठवण झाली नाही. नागपूरला गेलो की 'महाल' हे नाव आपण सहज घेतो. महाल गेला कोठे, हे विचारीत नाही. महाराजबागेत मुलांना प्राणी दाखवितो; ते महाराज कोण, हे सांगत नाही. बिंबाजी भोसल्यांनी जेथून कारभार केला ते रतनपूर याच छत्तीसगडात आहे. आपल्यापैकी किती जण तेथे गेले?

कोणी म्हणेल, भोसल्यांचे गोडवे कशास? त्यांच्या स्वारांनी बंगाल होरपळून काढला होता. मान्य! पण सम्राज्ञी त्सशी तरी कोठे पुण्यशील होती? आरमाराचा पैसा तिने या राजवाड्यावर वळविला, आणि १८९५ साली चीन जपानपुढे हरला. तरीही चिनी लोकांनी राजवाडा जपला आणि शेजारचे भग्नावशेषही राखले. वास्तू जपणे म्हणजे राजाची आरती नव्हे; त्याच्या वैभवाबरोबर त्याच्या अपराधांचाही पुरावा जपणे होय.

चीनला अवश्य जावे. ज्यांच्या खिशास ते परवडत नाही, अशा आमच्यासारख्या कारकुनांना नागपूरची गाडी आणि रतनपूरची वाट मोकळी आहे. मुलांना तेथे न्यावे आणि सर्व काही सांगावे, बंगालसुद्धा. परमुलखात राहणाऱ्याने आपला इतिहास विसरला, तर त्याची आठवण दुसऱ्या कोणी का ठेवावी?