भुयारी स्थानक आणि कंत्राटाचे भुयार

मुंबईची भुयारी मेट्रो आता आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली आहे. १० मे २०२५ रोजी दादरचे भुयारी स्थानक प्रवाशांना खुले झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेवटचा टप्पाही सुरू झाला. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, त्यांपैकी २६ जमिनीखाली आणि खर्च ३७ हजार कोटींच्या वर! उद्घाटने झाली, भाषणे झाली. पण ज्याने हे भुयार खणले त्या माणसाचे नाव कोणी घेतले काय?

आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही. लोकलच्या दारात लटकून जीव गमावतो तो कष्टकरीच, हे आम्ही जाणतो. आमचा प्रश्न वेगळा आहे.

भुयारी स्थानक कसे उभे राहते ते पाहा. भर रस्त्यात चारी बाजूंनी काँक्रीटच्या खांबांची रांग जमिनीत उतरवायची. मग मधली माती आणि तिच्याखालचा कातळ चार-पाच मजले खोल उपसायचा. झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपाने बाहेर काढायचे. बाजू आत ढासळू नयेत म्हणून लोखंडी तुळया आडव्या ठोकायच्या. तळापासून एकेक स्लॅब वर आणायचा आणि शेवटी छत घालून वरचा रस्ता होता तसा करायचा. काळबादेवी-गिरगावात रस्ते अरुंद, म्हणून तिथे आतल्या आत कातळ पोखरून फलाटाची जागा करावी लागली. यंत्रे होती, पण सळई बांधणारे, चिखल उपसणारे हात माणसांचेच होते. रस्ता बुजला आणि त्याबरोबर तो माणूसही नजरेआड झाला.

तो नजरेआड होतो याचे कारण कंत्राटी पद्धत. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. कर्ज जपानच्या जायका संस्थेचे, ते फेडणार जनता. म्हणजे मालक सरकार आहे. पण बांधकामाच्या धंद्यात काम मोठ्या कंपनीकडून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे उतरत जाते. जितके खाली उतरावे तितकी जबाबदारी पातळ होते आणि तळाशी राहतो तो घरदार सोडून आलेला मजूर. या देशात अंगमेहनत कोणत्या जातींच्या वाट्याला येते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कंत्राट आले की आरक्षण जाते, संघटना जाते, अपघात झाला तर दाद कुणाकडे मागायची हेही कळेनासे होते.

जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाची कदर करणारा मंत्री या देशाने पाहिला आहे. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. वर बसून अहवाल वाचण्यावर त्यांनी भागवले नाही. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. मजुराचे कल्याण ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याची बाब आहे, हा त्यामागचा विचार होता.

आज उलटा प्रवास चालू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ कामगार कायदे त्यांत विरून गेले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० मजूर असले की कंत्राटदार कायद्याच्या कक्षेत येई. नव्या संहितेत ही मर्यादा ५० झाली. मग टोळीत ४९ माणसे दाखवणाऱ्या मुकादमाला कोण विचारणार? बांधकाम खर्चावर उपकर गोळा होतो, कल्याण मंडळाकडे निधी साठतो. पण लाभासाठी नोंदणी हवी, नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि कंत्राटदार दाखला देताना हात आखडतो. या निधीच्या वापरावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना खडसावले होते, हे विसरता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हजेरीपटावरून ९० दिवसांचा दाखला मेट्रो महामंडळानेच द्यावा, कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडू नये. प्रत्येक पोटकंत्राटदाराचे नाव आणि त्याच्याकडील मजुरांची संख्या कामाच्या फाटकावर लावावी. पुण्यात स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्ग मंजूर आहे. तिथे पहिला खड्डा पडण्याआधी हे झाले पाहिजे.

६ डिसेंबरला दादरला उतरणाऱ्या भीमसैनिकांत नाक्यावर उभे राहणारे आणि विटा-सिमेंट वाहणारे कितीतरी असतात. त्यांनी चैत्यभूमीवर नतमस्तक व्हावे आणि परतताना आपल्या बांधकाम मजूर भावाची नोंदणी झाली आहे का, एवढे विचारावे. झाली नसेल तर संघटित होऊन ती करून घ्यावी. खाणीत उतरलेल्या बाबासाहेबांना तेच अभिवादन ठरेल. जयभीम!