परीक्षा सोडणे कोणाला परवडते?

अमेरिकेतील काही नामवंत विद्यालयांनी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या परीक्षेला रामराम ठोकला आहे. वॉशिंग्टनच्या परिसरातील आठ खासगी विद्यालयांनी २०१८ साली संयुक्त निवेदन काढून तिचे अभ्यासक्रम २०२२ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल येथील सरकारी विद्यालयाने सुमारे दहा वर्षे आधीच ही वाट धरली होती. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या दर्जाचा विषय शिकावा, मे महिन्यात ‘कॉलेज बोर्डा’ची देशभर एकच असणारी परीक्षा द्यावी, आणि १ ते ५ पैकी चांगले गुण पडल्यास पुढे अनेक महाविद्यालयांत त्या विषयातून सुटका व्हावी, अशी ही योजना आहे.

या विद्यालयांची मुख्य तक्रार आम्हाला मनापासून पटते. ज्याने वर्गात खडू हाती धरला आहे (आणि काही वर्षे तो आम्हीही धरला आहे), त्याला परीक्षा जवळ आली की अध्यापनाचे काय होते, हे सांगावयास नको. इतिहासाचा शिक्षक एखाद्या अस्सल कागदापाशी रेंगाळू पाहतो, मुले प्रश्न विचारू लागतात, आणि तेवढ्यात त्याला आठवते की अजून अर्धे शतक उरकावयाचे आहे!

परंतु त्यांचा दुसरा युक्तिवाद आमच्या गळी उतरत नाही. ही परीक्षा आता इतकी मुले देतात की तिने कोणी उठून दिसत नाही, असे ते म्हणतात. दार सर्वांना उघडले, म्हणून त्याची प्रतिष्ठा गेली, एवढाच याचा अर्थ! अँडोव्हर, एक्झेटर अशा धनिकांच्या विद्यालयांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या संगतीने १९५० नंतर जिची कल्पना मांडली, त्या योजनेची ही गत व्हावी, हे विशेष आहे.

ती सोडणे या आठांना सोपे होते. त्यांची वार्षिक फी तेव्हा चाळीस हजार डॉलरांच्या आसपास होती. सिडवेल फ्रेंड्समध्ये तर क्लिंटन आणि ओबामा या दोन अध्यक्षांच्या कन्या शिकल्या. सुमारे दीडशे महाविद्यालयांकडे चौकशी करून, प्रवेशाला बाध येणार नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी पाऊल उचलले. त्यांचा शब्द कोण खोटा पाडणार?

आता पूर्व लॉस एंजेलिसचे गार्फील्ड विद्यालय पाहा. तेथे बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या श्रमजीवी घरांतील. हायमे एस्कलांते या बोलिव्हियातून आलेल्या शिक्षकाच्या हाताखाली १९८२ साली अठरा विद्यार्थी कलनशास्त्राच्या या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चौदा जणांवर नकलेचा संशय घेतला. त्यांपैकी बारा जण पुन्हा परीक्षेस बसले, आणि बाराही उत्तीर्ण झाले. हा संशय अपमानास्पद होता, यात शंका नाही. पण तो धुऊन काढावयास त्या मुलांपाशी दुसरे काय होते? एस्कलांतेंच्या शिफारसपत्राने तो धुतला गेला असता, असे म्हणावयास आम्ही धजत नाही.

हा प्रश्न आपल्याला अगदी परका नाही. २०२१ साली महासाथीमुळे महाराष्ट्रात दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, शाळांनी दिलेल्या गुणांवर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले, आणि अकरावीसाठी योजलेली सामायिक परीक्षा उच्च न्यायालयाने रद्दबातल केली. त्या वर्षी नव्वद टक्क्यांना मोल उरले ते शाळेच्या नावापुरतेच, अशी धास्ती वाटण्याचे कारण तालुक्याबाहेर कोणी नाव न ऐकलेल्या शाळेतील मुलाला अधिक होते.

अमेरिकेतील विद्यापीठे गार्फील्डच्या शिक्षकाचे पत्र सिडवेलच्या पत्राइतक्याच विश्वासाने वाचू लागतील, त्या दिवशी ही परीक्षा खुशाल मोडावी. तोवर कॉलेज बोर्डाने अभ्यासक्रमाचा पसारा निम्म्यावर आणावा, गरीब मुलांची फी पूर्ण माफ करावी, आणि परीक्षा चालू ठेवावी.