टर्बो गाडी लाखाच्या पुढे टिकते का? आधी ऑइलची बिलं दाखवा



धंद्यासाठी सेकंड हॅन्ड गाडी बघणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "सर, एक लिटरचं टर्बो इंजिन आहे, गाडी ८०-९० हजार चाललीय, भाव चांगला मिळतोय. घेऊ का? पुढे इंजिन बसणार तर नाही ना?" गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "टर्बोच्या भानगडीत पडू नका शेठ. एवढंसं इंजिन, लाखाच्या पुढे खर्चच खर्च."

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. छोटं टर्बो इंजिन कच्चं नसतं, पण ते हलगर्जीपणा खपवून घेत नाही. साधं इंजिन उशिरा सर्व्हिसिंग केलं तरी कुरकुर करत वर्षानुवर्षं चालतं. टर्बो मात्र सगळं उधारीच्या वहीत लिहून ठेवतो आणि लाखाच्या आसपास एकदम वसुलीला येतो. म्हणून गाडीचा रंग, सनरूफ आणि टचस्क्रीन नंतर बघा. आधी ऑइलची बिलं मागा.

हे इंजिन असं का असतं?

२००६ च्या बजेटपासून आपल्याकडे चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर कर कमी लागतो. जीएसटीतही ही रेषा तशीच राहिली. कंपनीला करात सवलत हवी आणि गिऱ्हाइकाला ताकद हवी. त्यातून १.० किंवा १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर टर्बो असा मार्ग निघाला. व्हेन्यू, नेक्सॉन, मॅग्नाइट, कायगर, फ्रॉन्क्स, या सगळ्यांत असं इंजिन मिळतं.

आता काम कसं चालतं ते बघा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो आणि फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. साध्या एक लिटर इंजिनातून साधारण ६७ हॉर्सपॉवर निघते, टर्बोवाल्यातून १०० ते १२०. दीड-दोन माणसांचं काम एका कामगाराकडून करून घ्यायचं असेल, तर त्याचं जेवण वेळेवर द्यावं लागतं. इथे जेवण म्हणजे ऑइल.

बक्षीस नव्या इंजिनाला मिळतं

फोर्डचं १.० इकोबूस्ट हे या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण. २०१२, २०१३ आणि २०१४, सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'चा मुख्य मान याच इंजिनाला मिळाला. २०१३ मध्ये ते आपल्याकडे इकोस्पोर्टमधून आलं.

या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजून फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, कल्पना चांगली. पण ऑइल चुकीचं किंवा जुनं असेल तर बेल्ट झिजतो. त्याचे बारीक कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि मग टर्बो आणि बेअरिंग दोन्ही अडचणीत येतात. युरोपात कंपनीने हा बेल्ट बदलायची मुदत १० वर्षं किंवा साधारण २ लाख ४० हजार किलोमीटर सांगितली होती. अनेक मालकांचे बेल्ट त्याच्या बरेच आधी खराब झाले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर निकामी होऊ शकतो म्हणून फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. तिथे विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईतच बनलेल्या होत्या.

टेन्शनर निकामी होणं हा मालकाचा दोष नाही, हे मान्य करायला हवं. म्हणून बिलांच्या सोबत दुसरा प्रश्न विचारायचा: या इंजिनात चेन आहे की बेल्ट? बेल्ट असेल तर कोरडा की ऑइलमधला? आणि तो बदलायला किती खर्च येतो? एखादी मशीन घेताना आपण स्पेअर पार्ट कुठे मिळतात ते विचारतोच ना? फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा ज्यांच्या दारात ती गाडी उभी होती त्यांना या प्रश्नाचं वजन कळलं.

आता हिशेब मांडू

बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं ऑइलचं अंतर असतं. पण त्याच मॅन्युअलमध्ये, सहसा कोणी न वाचलेल्या पानावर, धूळ, घाट, ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्यांसाठी कमी अंतर सांगितलेलं असतं. आपला वापर नेमका तोच! माझं म्हणणं, धंद्याच्या टर्बो गाडीचं ऑइल ५ ते ७.५ हजारांत बदला.

समजा फिल्टरसकट एका वेळी ३,५०० रुपये लागतात. एक लाख किलोमीटरमध्ये १० ऐवजी २० वेळा बदललं तर जास्तीचा खर्च ३५ हजार. म्हणजे किलोमीटरला ३५ पैसे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५ धरलं तर नुसत्या पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये होतो. सात रुपये न कुरकुरता देणारा माणूस ३५ पैशांवर घासाघीस करतो आणि मग टर्बो गेला की ६०-७० हजारांचं एस्टिमेट हातात घेऊन बसतो. इंजिन खोलावं लागलं तर आकडा आणखी वर. त्यात गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी, डिलिव्हरी लांबलेल्या, पार्ट्या नाराज. तो खर्च कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. हे माझे आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमच्या गॅरेजचे घाला. निष्कर्ष फारसा बदलणार नाही.

दुसरी गोष्ट. सीए तुमच्या गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा लावतो. पाच वर्षांत वहीतली किंमत निम्म्याच्या खाली येते. पण तो घसारा कागदावरच राहतो, तेवढे पैसे आपण बाजूला काढत नाही. महिन्याला १,५०० किलोमीटर गाडी चालत असेल तर १,५०० रुपयांची आरडी सुरू करा. किलोमीटरला एक रुपया. लाख किलोमीटर होईपर्यंत लाख रुपये तयार. मग बेल्ट आला काय नि टर्बो आला काय, रोजच्या गल्ल्याला हात लागत नाही.

गाडी चालवणाऱ्याला या चार गोष्टी सांगा

१. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच हवा. ज्या इंजिनाला एपीआय ग्रेड चालतो त्यात 'एसपी' लिहिलेलं घ्या. हा २०२० चा दर्जा आहे आणि छोट्या टर्बो इंजिनातल्या अवेळी पेट घेण्याच्या त्रासाचा विचार त्यात केलेला आहे.

२. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून घाट चढायचा नाही. अवेळी पेट घेण्याचा त्रास तिथेच होतो आणि त्यात पिस्टन तुटू शकतो. एक गिअर खाली टाका.

३. कसारा किंवा खंबाटकी चढून आलात आणि लगेच मिसळ खायला थांबलात, तर चावी लगेच फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपतं आणि त्याची काजळी साचते.

४. व्हेन्यू आणि फ्रॉन्क्सच्या टर्बो इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, कार्बन साठतो. ८०-९० हजारांवर गाडी घेताना ते तपासून घ्या. मॅग्नाइटच्या टर्बोत पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं, तिथे ही काळजी कमी.

मग टर्बो कोणी घेऊ नये?

गॅरेजवाल्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. दुकान ते मार्केट यार्ड तीन किलोमीटर, दिवसाला चार फेऱ्या, एवढाच वापर असेल तर टर्बो नको. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, ऑइलमध्ये ओलावा आणि कच्चं पेट्रोल मिसळत राहतं. किलोमीटर कमी दिसतात म्हणून ऑइल बदललं जात नाही आणि ते आतून खराब होत जातं. अशांनी साधं इंजिन घ्यावं. ज्यांच्या गाडीवर तीन-चार ड्रायव्हर बदलतात आणि जबाबदारी कोणाचीच नसते, त्यांनीही साधंच घ्यावं.

पण पुणे-कोल्हापूर, नाशिक-मुंबई असा नियमित हायवे असेल, गाडी एका हातात असेल आणि फाइल नीट ठेवली जात असेल, तर लाखाच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. दर सात हजारांवर ऑइल बदललेली १ लाख १० हजारांची गाडी, दोनच बिलं असलेल्या ६० हजारांच्या गाडीपेक्षा मी आधी घेईन. आणि हो, ती सकाळी थंड असताना स्टार्ट करून बघूनच. निळा धूर दिसला तर पैसे खिशात ठेवा.

आज एवढंच काम करा. गाडीची फाइल काढा, शेवटच्या तीन ऑइल बदलांच्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर लिहा आणि दोन बदलांमधलं अंतर खाली कमेंटमध्ये टाका. फाइलच सापडली नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहा. मग आपण आधी फाइल बनवण्यापासून सुरुवात करू.