वरून पुसलेलं इंजिन

धाकटी बहीण ग्वाल्हेरला दिलेली. लष्कर भागात शिंद्यांच्या काळापासूनची मराठी घरं, त्यामुळे तिथं परकं वाटत नाही. गेल्या जानेवारीत गेलो, तर भाचा दारातच म्हणाला, ‘‘मामा, शेजारच्या काकांची सॅन स्टॉर्म घेतोय. तुम्ही फक्त एकदा बघा.’’

सॅन स्टॉर्म म्हणजे बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची दोन सीटची स्पोर्ट्स कार. 1998 साली आली. रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन आणि फायबरची बॉडी. फायबर गंजत नाही, म्हणून जुनी गाडीही वरून नवी दिसते. माणूस फसतो तो तिथंच.

इंजिन चकचकीत पुसलेलं होतं. पण बॉनेटला हात लावला, तर कोमट! गाडी आधीच गरम करून ठेवलेली. गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. ‘‘उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका,’’ म्हटलं. रात्री बहीण कुजबुजली, ‘‘दादा, शेजारी आहेत रे. फार खोडी काढू नकोस.’’

पण पैसे भाच्याच्या चार वर्षांच्या बचतीचे होते. आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासायला शिकलो, तेव्हा आमचे फोरमन म्हणायचे, ‘‘सावकाश नोडप्पा!’’ तेच केलं.

सकाळी थंडीत गाडी चालू केली. निळसर धूर आला, म्हणजे ऑइल जळतंय. मग पेट्रोल आणि इग्निशन बंद करून चारही प्लग काढले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला आणि कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर 12 किलोच्या आसपास, एक मात्र 8! त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर 11. ऑइलनं आकडा चढला, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेले. चढला नसता, तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता.

मीटर काकांच्याच हातात दिला. ते हळूच म्हणाले, ‘‘गाडी मुलाची. तो परदेशी गेला. मी रोज पुसतो आणि दोन मिनिटं चालू करून ठेवतो.’’

फसवाफसवी नव्हतीच. पण दोन मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं आणि लोखंडावर लोखंड घासतं. मायेनंच झीज झाली होती.

बोअरिंगचा खर्च वजा करून व्यवहार ठरला. काकांनी गजकाचा डबा पुढं केला. घरात जुनी गाडी असेल, तर वाचकहो, नुसती चालू करून ठेवू नका. आठवड्यातून एकदा चांगली फिरवून आणा.